कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची पहिली तपासणी: कोकणातील पालकांसाठी

दिवस भरण्याआधी बाळ जन्माला आले की घरातील सगळ्यांचे लक्ष त्याच्या श्वासाकडे आणि वजनाकडे लागते, आणि ते योग्यच आहे. काचेच्या पेटीतील बाळाचे वजन आज किती ग्रॅमने वाढले, नळीने दूध किती दिले, ऑक्सिजन कधी काढणार, याच चौकशा फोनवरून चाललेल्या असतात. डोळ्यांबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण बाळाचे डोळे वरून अगदी व्यवस्थित दिसतात. मी अशा बाळांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी येणाऱ्या कुटुंबांना समजावून सांगण्याचे काम करते, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य एका मालवणी आजीचे आहे: “डोळे तर बरे आसत, मगे तपासणी कशाक व्हयी?” आजींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढच्या पायऱ्या सांगण्यात अर्थ नाही.

आर.ओ.पी., म्हणजे ‘रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, हा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील पडद्याचा आजार आहे. तो जन्मतः नसतो, जन्मानंतर काही आठवड्यांनी सुरू होतो. त्यात डोळा लाल होत नाही, पू येत नाही, बाळाला दुखतही नाही. बाहुलीत पांढरट झाक दिसू लागते तेव्हा पडदा बहुतेक सुटलेला असतो आणि करण्यासारखे फारसे उरलेले नसते. उपचार आहेत आणि ते चांगले आहेत, पण त्यांची वेळ मोजक्या दिवसांची असते. म्हणून या सगळ्या प्रकरणात पालकांच्या हाती असलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक तारीख.

पडदा वाढतो कसा आणि अडतो कुठे

नारळाच्या करवंटीला आतून जसे खोबरे चिकटलेले असते, तसा डोळ्याच्या गोलाला आतून पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, चिकटलेला असतो. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यात फुटू लागतात. डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी नस जिथे पडद्याला मिळते तिथून त्या निघतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड जवळ असल्यामुळे तिथे त्या ३२ ते ३६ आठवड्यांपर्यंत पोहोचतात. कानाकडची कड लांब असते आणि तिथपर्यंत पोहोचायला दिवस पूर्ण भरावे लागतात, म्हणजे जवळजवळ ४० आठवडे. पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी विहिरीजवळच्या झाडांना आधी मिळते आणि कुंपणाकडच्या रांगेला शेवटी, तसाच हा क्रम आहे. ३०व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्यात पाट अर्ध्यावरच असतो आणि कडेचा भाग कोरडा असतो.

या वाहिन्यांना पुढे खेचणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजनची कमतरता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. गर्भाशयात ऑक्सिजन बाहेरच्या मानाने बराच कमी असतो. कडेच्या पेशींना तो अपुरा पडला की त्या व्ही.ई.जी.एफ. नावाचे रसायन सोडतात आणि वाहिन्या त्या दिशेने वाढतात. बाळ वेळेआधी बाहेर आले की हा हिशेब बिघडतो. नुसत्या हवेतल्या श्वासानेही बाळाच्या रक्तातील ऑक्सिजन गर्भातल्यापेक्षा वाढतो, आणि वरून ऑक्सिजन द्यावा लागला तर आणखी वाढतो. पेशींची मागणी थांबते, व्ही.ई.जी.एफ. घटते आणि वाहिन्यांची वाढ खुंटते. त्याच वेळी गर्भात असताना मिळणारे आय.जी.एफ.-१ हे वाढीचे द्रव्यही कमी पडते.

काही आठवडे असेच जातात. पुढे, गर्भाच्या मोजणीने (गर्भातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून) साधारण ३२ आठवडे उलटल्यावर, पडद्याच्या पेशी जोमाने वाढू लागतात आणि त्यांची भूकही वाढते; पण कडेला रक्तवाहिन्याच नसतात. मग तीच मागणी अतोनात वाढते. जिथे वाहिन्या थांबल्या होत्या त्या सीमेवर नव्या, कच्च्या, गळक्या वाहिन्यांचे जाळे उभे राहते आणि पडद्याची पातळी सोडून डोळ्यातील जेलीसारख्या द्रवात शिरते. पुढे तिथे व्रणासारखी ऊती तयार होते, ती आकसते आणि पडद्याला ओढू लागते. सुकत आलेल्या नारळात खोबरे करवंटीपासून सुटते, तसा पडदा सुटतो.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या बाळांना आर.ओ.पी. होतो त्यांतील बहुतेकांचा सौम्य असतो आणि वाहिन्या हळूहळू कडेपर्यंत पोहोचून तो आपोआप मावळतो. पण कोणत्या बाळाचा मावळेल आणि कोणाचा बळावेल हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

ऑक्सिजनबद्दल येथेच थोडे बोलावे लागेल, कारण त्यावरून घराघरांत वाद होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील हे अंधत्व बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ साली प्रथम नोंदवले. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्याचा संबंध मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनशी असावा असे मांडले आणि पुढच्या अभ्यासांनी ते खरे ठरवले. त्यानंतर ऑक्सिजन इतका हात राखून दिला जाऊ लागला की डोळे वाचले, पण बाळे दगावू लागली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातही हाच पेच दिसला: ऑक्सिजनचे प्रमाण खालच्या पातळीवर ठेवलेल्या गटात गंभीर आर.ओ.पी. कमी झाला, मृत्यू मात्र वाढले. म्हणून आता बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. “ऑक्सिजन लावला म्हणून डोळे बिघडले” असा ठपका ठेवण्याआधी, तो लावला नसता तर बाळ घरी आले असते का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. कावीळ उतरवण्यासाठी लावलेल्या निळ्या दिव्यावरही असाच आरोप होतो. त्या वेळी बाळाचे डोळे झाकलेले असतात, आणि डोळ्यांवर पडणारा उजेड कमी करून आर.ओ.पी. टळत नाही, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून स्पष्ट झालेले आहे.

पहिली पायरी: महिने सोडून आठवडे मोजणे

आपल्याकडे “सातव्यातले बाळ”, “आठव्यातले बाळ” अशी मोजणी चालते. या कामासाठी ती पुरत नाही, कारण सातवा लागलेला आणि सातवा सरलेला यांत ४ आठवड्यांचा फरक पडतो. रुग्णालयातून निघण्याआधी दोन आकडे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावेत: जन्म किती पूर्ण आठवड्यांनी झाला आणि जन्माच्या वेळी वजन किती होते. आजचे वजन नको, जन्माचे हवे. त्यासोबत ऑक्सिजन किती दिवस दिला, रक्त चढवले का, रक्तात जंतुसंसर्ग झाला होता का, हेही लिहून मागावे.

भारतातील निकष असे आहेत. जन्म ३४ आठवड्यांपूर्वी झाला असेल किंवा जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तपासणी करायचीच. जन्म ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान असेल, पण बाळ आजारी होते, बराच काळ ऑक्सिजनवर होते, रक्त द्यावे लागले किंवा वजन नीट वाढले नाही, तर तीही बाळे यात येतात. इंटरनेटवर परदेशी माहिती वाचणाऱ्या पालकांना तिथे १५०० ग्रॅम हा आकडा दिसतो आणि “आपले तर १७०० ग्रॅमचे आहे” म्हणून ते निश्चिंत होतात. आपल्याकडे मोठ्या वजनाच्या बाळांनाही गंभीर आर.ओ.पी. होताना आढळतो, म्हणूनच आपली मर्यादा वर ठेवलेली आहे.

दुसरी पायरी: तारीख काढणे आणि ती सव्वा महिन्यापुढे न ढकलणे

पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळ २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेले असेल किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल, तर ती २ ते ३ आठवड्यांतच हवी. दिवस जन्मतारखेपासून मोजायचे आहेत. बाळ घरी आले त्या दिवसापासून मोजण्याची चूक इतक्या वेळा होते की ती मुद्दाम सांगावी लागते.

एक उदाहरण घेऊ. १२ जुलैला, ३० आठवडे पूर्ण झाल्यावर, १३०० ग्रॅमचे बाळ जन्माला आले. जन्माचा दिवस धरून ३०वा दिवस १० ऑगस्टला येतो. बाळाची मूळ तारीख, म्हणजे दिवस पूर्ण भरले असते ती, २० सप्टेंबर होती. आर.ओ.पी. बळावण्याचा धोका गर्भाच्या मोजणीने साधारण ३४ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान सर्वाधिक असतो, म्हणजे या बाळासाठी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आता हेच दिवस घरातल्या कॅलेंडरवर पाहावेत. सव्वा महिना २० ऑगस्टच्या सुमारास पुरा होतो, आणि तोवर बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही असा अनेक घरांत शिरस्ता आहे. पाठोपाठ गणपती येतात. चाकरमानी गावी येतात, गाड्या भरून वाहतात, घरात पाहुणे असतात आणि “आता गणपती झाल्यावरच नेऊ” असे ठरते. कोणाचाही वाईट हेतू नसताना तपासणीचा काळ नेमका हातून निसटतो.

मी सव्वा महिन्याच्या रिवाजाची थट्टा करत नाही. ओल्या बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि बाळाला गर्दीतला संसर्ग होऊ नये हा त्यामागचा शहाणपणा खराच आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर तो अधिकच लागू आहे. पण हा रिवाज पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बसवलेला आहे. काचेच्या पेटीतून आलेले बाळ जगावे असे आजच्यासारखे उपाय त्या काळी नव्हते, त्यामुळे त्याच्या डोळ्यांचा विचार रिवाजात असणार कसा? घरातील थोरांना हे असे सांगितले तर बहुधा पटते. “डॉक्टर म्हणतात म्हणून” एवढेच सांगितले तर पटत नाही.

दुसरी फट माहेर-सासरच्या प्रवासात पडते. प्रसूती ठाण्यात किंवा मुंबईत होते, बाळ महिनाभर तिथल्या अतिदक्षता विभागात असते आणि सुटी मिळताच आई बाळाला घेऊन देवगडला किंवा गुहागरला माहेरी येते. तपासणीची तारीख तिकडच्या रुग्णालयाची, बाळ इकडे. एका आजोबांनी माझ्यापुढे फाईल उघडली तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी, औषधांच्या यादीखाली, घाईत खरडलेल्या इंग्रजी अक्षरांत ‘आर.ओ.पी., २ आठवड्यांनी’ असे लिहिलेले होते. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरीने बांधून, देव्हाऱ्याखालच्या कपाटात जपून ठेवलेली होती. कोणी त्या ओळीचा अर्थ सांगितला नव्हता आणि त्यांनी विचारलाही नव्हता. २ आठवड्यांचे ७ झाले होते. त्या बाळाचा आजार सुदैवाने मावळतीला लागलेला निघाला. दरवेळी तसे होत नाही. सुटी घेताना “डोळ्यांची तपासणी झाली का, झाली असेल तर पुढची कधी, आणि आम्ही गावी असू तर ती कुठे करायची” हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मराठीत लिहून घ्यावीत.

तिसरी पायरी: ठिकाण आणि वाट ठरवणे

डोळ्यांचा प्रत्येक डॉक्टर ही तपासणी करत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम करणारे डॉक्टरही या कामासाठी पडद्याच्या तज्ज्ञाकडे किंवा आर.ओ.पी.चे खास प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याकडे पाठवतात. म्हणून आधी फोन करून “अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडदा तपासता का, कोणत्या वारी, आणि गरज पडल्यास लेझरचा उपचार तिथेच होतो का” हे विचारावे. तिसरा प्रश्न विसरू नये, कारण तपासणी एकीकडे आणि लेझर दुसरीकडे असेल तर मधले दिवस वाया जातात.

चौकशीची सुरुवात जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षापासून करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आर.ओ.पी.चा समावेश आहे, त्यामुळे तिथून पुढे पाठवण्याची व्यवस्था मागण्याचा पालकांना हक्क आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला वर्षाचे होईपर्यंत सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्याची मोफत सोय आहे. १०२ क्रमांकाच्या गाडीबद्दल आशाताईंना आधी सांगून ठेवावे. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येत असतातच, त्यांच्या वहीत आपल्या बाळाची डोळ्यांची तारीख लिहून घ्यावी.

पुढची वाट भूगोल ठरवतो. पेण-अलिबागकडच्यांना मुंबई जवळ. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटाने कराड. रत्नागिरीकरांना आंबा घाटाने कोल्हापूर. वैभववाडीकरांना करूळच्या घाटाने गगनबावड्यावरून कोल्हापूर. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोव्यातील बांबोळी. पावसाळ्यात यांपैकी कोणत्याही घाटात दरड आली की वाट बंद होते आणि कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकाने हळू धावते. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये ३०व्या दिवसाची वाट न पाहता चार-पाच दिवस हाताशी ठेवून निघावे, आणि दुसरी वाट कोणती हे घरून निघतानाच ठरवावे. बाळ अजून रुग्णालयातच असेल तर सर्वांत सोपे: सुटीच्या आधीच तिथे तपासणी करून द्यावी असा आग्रह धरावा.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

तपासणीच्या साधारण तासभर आधी बाळाला दूध पाजावे. अगदी लगेच आधी पाजले तर तपासताना उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि फार आधी पाजले तर बाळ भुकेने कासावीस होते. काजळ घालू नये. खरे तर ते या बाळांना कधीच घालू नये. एक जास्तीचे दुपटे, टोपी, सगळी कागदपत्रे आणि आईसोबत आणखी एक मोठे माणूस एवढे बरोबर असावे.

पोहोचल्यावर बाळाच्या दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब १० ते १५ मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वेळा घालतात. थेंब गालावर ओघळले तर लगेच पुसावेत, कारण ते त्वचेतूनही शोषले जातात. थेंबांनंतर डोळ्यांभोवतीची त्वचा थोडा वेळ पांढरट दिसू शकते, ते नेहमीचे आहे. बाहुल्या पुरत्या उघडायला तासभर लागतो, म्हणून दुपारच्या परतीच्या गाडीचे आरक्षण करून येऊ नये.

आतल्या खोलीत बाळाचे हात आत घेऊन त्याला कापडात घट्ट गुंडाळतात. दिवे मालवतात. डोळा बधिर करणारा थेंब पडतो, पापण्या उघड्या ठेवण्यासाठी तारेचा इवलासा चिमटा बसतो आणि डॉक्टर कपाळावर बांधलेल्या दिव्याचा झोत हातातल्या भिंगातून डोळ्यात सोडतात. कड दिसावी म्हणून एका बोथट तारेने बुबुळ हलकेच वळवतात. बाळ ताठ होते, चेहरा लालबुंद होतो आणि त्या एवढ्याशा देहातून निघणारा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येतो. नर्सचे बोट त्याच्या ओठांशी असते, त्यावर साखरपाण्याचा किंवा आईच्या दुधाचा थेंब. दोन्ही डोळे मिळून काही मिनिटे लागतात. आईला खोलीत थांबायचे नसेल तर तिने बाहेर थांबावे, त्यात काही कमीपणा नाही. काही ठिकाणी यासोबत खास कॅमेऱ्याने पडद्याचे फोटोही घेतात. ते मिळत असतील तर मागून घ्यावेत.

फार लहान बाळांचे हृदयाचे ठोके किंवा श्वास तपासणीच्या ताणाने थोडा वेळ मंदावू शकतो, म्हणून नाजूक बाळाची तपासणी बालरोग विभागाच्या देखरेखीखाली झालेली बरी. घरी आल्यावर दिवसभर डोळे लालसर राहतील, कधी पांढऱ्या भागात रक्ताचा लहानसा डाग दिसेल. तो काही दिवसांत जातो. बाळ दूध घेत नसेल, पोट फुगले असेल, श्वास अडखळत असेल किंवा ते निळसर पडत असेल, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

पाचवी पायरी: कार्डावरील शब्द समजून घेणे

कार्डावर प्रत्येक डोळ्यापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: झोन, स्टेज आणि प्लस. झोन म्हणजे वाहिन्या कुठवर पोहोचल्या. झोन १ अगदी मध्याभोवतीचा, झोन २ त्याबाहेरचा आणि झोन ३ कानाकडच्या कडेची चंद्रकोर. इथे आकडा जितका मोठा तितके बरे. स्टेजचे उलट आहे. स्टेज १ मध्ये वाहिन्या असलेला आणि नसलेला भाग यांच्यामध्ये बारीक रेघ दिसते, २ मध्ये त्या रेघेचा बांध होतो, ३ मध्ये बांधावरून नव्या वाहिन्या वर उगवतात, ४ मध्ये पडदा काही भागात सुटतो आणि ५ मध्ये पूर्ण सुटतो. प्लस म्हणजे मधल्या वाहिन्या फुगलेल्या आणि नागमोडी झालेल्या आहेत. आजार चढणीला लागल्याची ती खूण आहे. झोन १ मध्ये कोणत्याही स्टेजसोबत प्लस लिहिलेले असेल तर उपचाराची तयारी ठेवावी. झोन १ मधील स्टेज ३ ला प्लस नसतानाही उपचार लागतो.

“वाहिन्या अपक्व, आर.ओ.पी. नाही” असे लिहिले असेल तर अनेक पालक सुटलो असे समजून परत येत नाहीत. त्या ओळीचा अर्थ आजार अजून नाही एवढाच आहे. पाट अजून कडेला पोहोचलेला नाही, तेव्हा यायचेच आहे.

सहावी पायरी: फेऱ्या

पुढची तपासणी आठवड्याने, दोन आठवड्यांनी की तीन आठवड्यांनी, हे डॉक्टर पडदा पाहून ठरवतात. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत किंवा आजार पूर्ण मावळेपर्यंत फेऱ्या चालू राहतात, म्हणजे बहुधा मूळ तारखेच्या आसपास आणि कधी त्याहून पुढे. चार-पाच फेऱ्या होऊ शकतात, आणि रोजावर जाणाऱ्या बापासाठी त्या सोप्या नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही एखादी फेरी चुकवायची झालीच तर आपल्या मनाने न चुकवता आधी फोन करावा. आठवड्याची फेरी आणि तीन आठवड्यांची फेरी यांत कोणती दोन दिवस सरकू शकते हे तेच सांगू शकतात.

मधल्या काळात घरी करण्यासारखे बरेच काही आहे. आईचे दूध, बाळाला छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, हात धुतल्याशिवाय कोणी बाळाला न घेणे आणि दर आठवड्याला वजन. वजन नीट न वाढणाऱ्या बाळांत आर.ओ.पी. बळावण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे वजनकाट्याकडे डोळ्यांच्या दृष्टीनेही पाहावे.

उपचार सांगितले तर

उपचाराची गरज ठरल्यावर ते ४८ ते ७२ तासांत व्हायला हवेत, आणि येथे “घरी जाऊन विचार करून सांगतो” याला जागा नाही. विचार आधीच करून ठेवावा, संमतीची सही कोण करणार आणि पैसे कोठून येणार हे पहिल्या फेरीलाच ठरवावे. लेझरमध्ये पडद्याचा वाहिन्या नसलेला कडेचा भाग निकामी करतात, म्हणजे तिथून व्ही.ई.जी.एफ. सुटणे थांबते आणि मधली, कामाची नजर वाचते. कडेची थोडी नजर त्यात जाते. दुसरा मार्ग डोळ्यात इंजेक्शन देऊन व्ही.ई.जी.एफ. दाबण्याचा, झोन १ मधील आजारात तो विशेष उपयोगी पडतो. इंजेक्शनाने आजार पटकन उतरतो, पण काही बाळांत तो आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परततो, त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या बाळाच्या फेऱ्या लेझरवाल्या बाळापेक्षा लांबतात. एका इंजेक्शनानंतर बाळ बरे दिसते म्हणून गावी निघून गेलेली आणि सहा महिन्यांनी परतलेली कुटुंबे डॉक्टरांना सर्वांत जास्त धास्ती देतात. पडदा सुटला तर मोठ्या केंद्रात शस्त्रक्रिया करतात. तो थोडा सुटलेला असताना तिचा उपयोग होतो, पूर्ण सुटल्यावर फारच कमी.

नंतरची काही वर्षे

आर.ओ.पी. झाला नाही किंवा मावळला, तरी पडद्याची वाढ लवकर जन्मामुळे थोडी वेगळ्या वळणाने झालेली असू शकते. बारीक अक्षर वाचताना आपण पडद्याचा जो मध्यबिंदू वापरतो, तिथला खळगा गर्भाच्या २५व्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतो आणि जन्मानंतर काही वर्षे पक्का होत राहतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तो अनेकदा उथळ राहतो. या मुलांत लांबचे अंधुक दिसल्याने लागणारा चष्मा, तिरळेपणा आणि आळशी डोळा यांचे प्रमाण जास्त असते, आणि लेझर किंवा इंजेक्शन झालेल्यांत तर अधिकच. कधी डोळा ठीक असून मेंदूतील नजरेच्या वाटांना इजा झालेली असते, म्हणून पडदा चांगला असूनही बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल तर ते सांगावे.

बाळाचे वय येथे मूळ तारखेपासून मोजायचे. वरच्या उदाहरणातील बाळ २० डिसेंबरला पाच महिन्यांचे दिसले, तरी नजरेच्या दृष्टीने ते तीन महिन्यांचे आहे, आणि तोवर त्याने आईच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करून ती वळवायला हवी. चष्म्याचा नंबर नऊ महिने ते वर्ष या दरम्यान एकदा आणि पुढे शाळेत जाईपर्यंत दरवर्षी तपासून घ्यावा. दीड वर्षाच्या मुलाला चष्मा लागला तर काड्यांऐवजी मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला, न फुटणाऱ्या काचांचा घ्यावा. पहिले काही दिवस ते तो ओढून फेकणारच, तेव्हा जेवण भरवताना आणि खेळताना चढवावा, आणि अंगणवाडीत सोडताना ताईंच्या हातात एक जादा पट्टा देऊन ठेवावा.